कोपरा फाडलेले कार्ड

नागपूर, मार्च १९८९

ती. दादास, कुंताचा नमस्कार.

वरठीहून गाडीत बसायला जागा मिळाली. दवाखान्यात जेवण दोन्ही वेळा येते. काळजी करू नये.

कार्ड गावभर वाचतात, म्हणून बंद पत्र लिहिते. तुमच्या जावयांना ज्याने नेले तोच एड्स मलाही आहे. माझ्या खाटेला ‘वेगळे ठेवा’ अशी चिठ्ठी लावली आहे.

आया म्हणाली, “कायले पाहून राहिलीस बाई? वाचता येते काय तुले?”

मी नाही म्हटले.

दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडते. रडूही येत नाही.

आईचे गुडघे कसे आहेत? तिला पत्रे माझी लेक सत्याच वाचून दाखवते ना?

दादा, मरणाचे कोपरा फाडलेले कार्ड आले, तर पोस्टमनकडून तुम्हीच घ्या. मी सत्याच्याच पाटीवरून अक्षरे शिकले. ती माझ्याहून भरभर वाचते.

तुमची धाकटी लेक,
कुंता