त्रिकोणी इंजिनाचा वारस

दिनांक ९ मार्च २०२५, रविवार, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी माझ्या चिरंजीवांनी जेवणाच्या टेबलावरचे माझे दोन ट्रे बिस्किटांच्या एका डब्यात रिकामे केले. म्हणून हे मृत्युपत्र. मी बहात्तर वर्षांची, ऑपरेशन थिएटरमधून निवृत्त झालेली परिचारिका. बुद्धी शाबूत आहे, आणि माझ्यावर दडपण आणण्याची अजून कोणाची टाप नाही. हे सर्वांनी माझ्या हयातीतच वाचावे. मागाहून तुमची तोंडे बघायला मी नसेन.

कलम १. राहते घर मुलाला. बँकेतली ठेव मुलगा आणि सून यांना निम्मी निम्मी. "निम्मी का?" असे त्याने विचारू नये.

कलम २. जुनी लाल स्पोर्ट्स कार. गरम झाली की बंद पडायची आणि थंड होईपर्यंत रुसून बसायची. गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून लगेच मिटले.

"बाई, ह्यात पिस्टनच नाही. मी काय खोलू?"

"मग चालते कशावर?"

"तेच तर!"

त्याला मी काही ठेवत नाही, पण त्या 'तेच तर'पायीच मी इंजिन खोलले. आत दोन त्रिकोण निघाले. कमरेत दबलेल्या अंडाकृती खोलीत एकेक त्रिकोण गरगर फिरतो आणि तिन्ही कोपरे भिंतीला टेकलेलेच राहतात. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी त्रिकोणाचे क्षेत्रफळ घोकून घेतले, पण तो असा फिरतो हे दडवून ठेवले.

त्रिकोणांच्या बाजूंना खाचा असतात, त्यांत बारीक पट्ट्या बसतात. त्या जळता वायू आत कोंडून धरतात. नवी पट्टी किंचित लांब असते. ती आपापल्या खाचेपुरती घासावी लागते. एकीची दुसरीला चालत नाही. अशा बारा पट्ट्या मी हिवाळाभर घासल्या आणि ट्रेवर क्रमांक टाकून जागच्या जागी मांडल्या. क्रमांक ट्रेवर, पट्टीवर नव्हे. थिएटरमध्ये माझ्या ट्रेला हात लावायची सर्जनचीही छाती नव्हती.

"आई, पाहुणे यायचे होते. पसारा आवरला."

"पसारा?"

"सगळ्या सारख्याच तर आहेत!"

"जुळी मुलंही सारखीच दिसतात. म्हणून एकाचा दात दुखला की दुसऱ्याचा उपटतात का रे?"

कलम ३. तो ताटे आणायला गेला तेव्हा सुनेने डब्यातली एक पट्टी उचलून खाचेत घालून पाहिली. "आई, ही अडकतेय. दुसरी बघू?" पाहुणे स्वयंपाकघरात उभ्याने जेवले. संध्याकाळपर्यंत आम्हाला पाच पट्ट्यांची घरे सापडली. मग तिने विचारले, "त्रिकोण एकदा फिरतो तोवर त्याच्या मधला दांडा तीनदा फिरतो. मग जास्तीच्या दोन फेऱ्या आल्या कुठून?" एकोणीस वर्षांत "दूध तापवलंस का?" यापलीकडे आमचे बोलणे गेले नव्हते. तिच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मला सापडले आहे; उरलेले तिने शोधावे. म्हणून कार, इंजिन, सर्व हत्यारे आणि ते जेवणाचे टेबल मी सुनेला देते. अट एकच: गरम गाडी बंद केल्यावर ती लगेच पुन्हा चालू होत नाही, तोवर विकायची नाही.

कलम ४. गाडी सुटे भाग करून विकणाऱ्या एका गृहस्थाला चिरंजीवांनी परस्पर शब्द दिला आहे. तो बुधवारी येऊन फोटोही काढून गेला. गाडी आजही माझ्या नावावर आहे. माझा नकार यात नोंदवते.

साक्षीदार: १) शेजारीण, निवृत्त पोस्टमास्तर. २) आमचे डॉक्टर. माझी बुद्धी तपासायला आले आणि तासभर त्रिकोण फिरवत बसले.
ठिकाण: उपरोक्त टेबल. दिनांक: १४ मार्च २०२५.
सही: (स्वतःची, न थरथरता)

ता. क. चिरंजीवांनी त्या गृहस्थाला 'गाडी विकायची नाही' असे कळवले की नाही, हे सोमवार, ३१ मार्च, सायंकाळी पाच वाजेपर्यंत स्वतःच्या अक्षरात लिहून माझ्या हाती द्यावे. "आई, बघतो" हे उत्तर धरले जाणार नाही. लेखी उत्तर न आल्यास कलम १ मधले घरही सुनेचे; त्यात कोणाला राहू द्यायचे, ते ती ठरवील.