तिसऱ्या दिवाळीचा अर्ज

प्रिय ऊर्वी,

तू माझा फोन उचलत नाहीस, ते बरोबरच आहे. म्हणून लिहिते. आपल्या मोटेलच्या काउंटरवर बसले आहे. तुझे पप्पा वरच्या खोल्यांतल्या चादरी बदलताहेत. गुडघा दुखतो, पण ऐकत नाहीत. तुझ्या बाळंतपणासाठी डिंकाचे लाडू केलेत. पाठवायचा धीर होत नाही.

आपल्या समाजाचं लग्नाळू मुलामुलींचं पुस्तक तुला ठाऊकच आहे. ते काढणाऱ्या रमिलाबेन दर दिवाळीला अर्ज धाडतात. माहिती तीच असेल तर सही करायची, लग्न झालं असेल तर पान काढायला सांगायचं. तुझ्या लग्नाला तीन वर्षं झाली आणि मी तीनदा सही केली. 'अविवाहित'पुढची खूण माझ्याच हातची. पहिल्या वर्षी वाटलं, हे काही टिकत नाही. दुसऱ्या वर्षी, कुणी विचारायला नको म्हणून. तिसऱ्या वर्षी तर तुझा डेस्मंड जावई म्हणून आपल्याकडे चार दिवस राहून गेला होता. बर्फाचं मशीन दुरुस्त केलं, माझी कढी दोनदा मागून घेतली. तरीही केली. या वेळी अर्जात मुलीचा फोन नंबर हवा होता, तोही भरला.

म्हणून मुलासाठी स्थळ शोधणाऱ्या अटलांटाच्या भावनाबेनचा फोन तुमच्या घरी आला आणि तो डेस्मंडने उचलला. एवढं तुला माहीत आहे. पुढचं नाही. त्यांनी लगेच मला फोन करून विचारलं, "शर्मिष्ठाबेन, हे काय? कुणी अमेरिकन म्हणतो, मी तिचा नवरा!" मी हसले, ऊर्वी. म्हणाले, "अहो, तिचा घरमालक तो. भारी थट्टेखोर आहे मेला." पप्पा शेजारीच होते. त्यांनी हातातले टॉवेल खाली ठेवले आणि उठून बाहेर गेले.

काल रमिलाबेनकडे गेले. दहा-बारा बायका खाखरे पाकिटांत भरत होत्या. त्यांच्यासमोरच म्हटलं, ऊर्वीचं पान काढा. तिचं लग्न झालंय. जावई डेस्मंड, शाळेत विज्ञान शिकवतो, काळा आहे. मार्चमध्ये बाळ येतंय. रमिलाबेननी हातातलं पाकीट बंद केलं नि म्हणाल्या, "अगं, आम्हाला केव्हाचं ठाऊक आहे! तुला वाईट वाटेल म्हणून ठेवलं होतं पान. अटलांटावाले नवे, त्यांना कोण सांगणार?" मागून कुणीतरी, "आता पेढे काढ, कंजूष!" सगळ्या हसल्या. ज्यांच्या भीतीनं मी हे केलं, त्या माझी कीव करत होत्या.

हे पत्र माफीचं आहे, पण तुझ्या नव्हे, डेस्मंडच्या. तू भांडशील, रुसशील, कधीतरी बोलशील. तो मात्र मला आई म्हणतो आणि मी त्याला घरमालक केलं, हे त्याला कधी कळलंही नसतं. पण त्याचं बाळ मांडीवर घ्यायचं, तर ते त्याला आधी कळायला हवं. हे पत्र त्याला त्याच्या भाषेत वाचून दाखव. मला सांभाळून घेऊ नकोस. मी हसले, तेही सांग. त्यानंतर त्याने 'या' म्हटलं, तरच मी येईन.

तुझीच,
मम्मी