धोट्याचं साक्षगंध

तांडापेठ, नागपूर

प्रिय मयुरी,

तर सगळ्यात पहिले आली ती यमुताई. पाहुण्यांचा पत्ता नाही आणि ही समोरच्या घरून हात पुसत हजर. म्हणे, वच्छलाबाई, खाप्यावरून येऊन राहिले ना, मग नुसता चहा बरा नाही दिसत, पोहे करा. मी म्हटलं, अवं कुत्रा पाहाले येऊन राहिले, पोरगी नाही. तर म्हणे, पाहाले येणं म्हणजे पाहाले येणं. मग तिनंच कांदे चिरले. धोट्याले सकाळीच तुझ्या उरलेल्या शाम्पूनं आंघोळ घातली होती, तर त्यानं तिच्याजवळ उभं राहून अंग झटकलं, सारं लुगडं भिजवलं, पण बाई कांदेच चिरत राहिली. एवढी खुशीत होती. मीही होती, खोटं काहून सांगू. माणसं येणार म्हटलं की मी बैठकीतली चादर बदलते.

तुझ्या बाबानं पुण्याहून मोबाईलवर टाकलं ना, शिकारी जातीचा कुत्रा चांगल्या घरी देणे आहे म्हणून, त्यातलेच हे पाहुणे. याच्या आधीही आले होते. एक तिसऱ्या माळ्यावर राहणारे होते, त्याईले मी सांगितलं की याचं नावच धोटा आहे, मागाचा धोटा जसा इकडून तिकडं पळते तसा हा, तुमच्या फ्लॅटात तो कुठं पळणार. एकाले पिल्लं विकाचा धंदा कराचा होता, त्याले यमुताईनं चहासुद्धा नाही दिला. एक नवराबायको चांगले होते. अगदीच चांगले. मग मी सांगून दिलं की हा रातभर भुंकते. हा भुंकत नाही, तुले माहीत आहे. तरी ते पुन्हा पाहाले आले, संग त्याची आई होती. दोन घंटे बसली ती माऊली माझ्याजवळ, सुनेचं सांगत. जाताना म्हणे, येईन पुन्हा. तिची वाट पाहिली मी बरेच दिवस.

धोट्याची तब्येत चांगली आहे. सकाळी माझी चप्पल तोंडात धरून उशाशी उभा राहते. आम्ही नाईक तलावापर्यंत जातो. म्हणजे मी तलावापर्यंत जाते, तो तेवढ्यात दोरी ताणून ताणून मनानं कामठीले जाऊन येते. माझा गुडघा आता ऐकत नाही, म्हणून हळूहळू. तू बंगलोरले जाताना सांगून गेली होती की आजी, याच्या नाकाले काम देत जा, नाहीतर हा घर खाईल. तर मी तुझ्या आजोबाच्या मागाच्या जुन्या कांड्या काढल्या, सूत गुंडाळलेल्याच, आणि एकेक लपवत जाते. तांदळाच्या पिंपामागं, कूलरमध्ये, मागाच्या खड्ड्यात. आजोबा पाय सोडून बसायचे तो खड्डा मी बुजवू नाही दिला, उन्हाळ्यात हाच तिथं पसरून राहते, थंड असते म्हणून. तर कांडी लपवली, शोध म्हटलं, की सुटला. पण माझ्या जागा संपल्या गं. त्याले साऱ्या पाठ झाल्या. कांडी आणून मांडीवर ठेवते आणि माझ्या तोंडाकडं पाहत राहते, आता पुढं काय म्हणून. पुढं मी काय सांगू त्याले. मग तो उठते आणि अंगणात फिरते. तुळशीकडून नळाकडं, नळाकडून तुळशीकडं. घाण्याच्या बैलाची पडते तशी पांढरी वाट पडली तिथं.

तुले आठवते का, लहान होता तेव्हा गच्चीवर कबुतर पाहून एक पाय उचलून, शेपूट ताठ करून उभा राहिला होता? मले वाटलं काटा रुतला. चिमटा घेऊन पाय उलटापालटा करून पाहिला, हळद भरली, पट्टी बांधली. तू कॉलेजातून आली आणि हसून हसून लोळली, की आजी, हा पॉइंटर आहे, शिकार कुठं आहे ते दाखवून राहिला. तेव्हापासून मी त्याले म्हणते, हो गा, पाहिलं. तसं म्हटल्याशिवाय तो पाय खाली ठेवत नाही. तू गेल्यावर एक दिवस तो तुझ्या खोलीच्या दारासमोर तसाच उभा होता. आत कबुतर नव्हतं. मी दार उघडलं, त्याले खोली दाखवली, पाहिलं गा म्हटलं, आणि आम्ही दोघं खाली आलो.

तर खाप्याचे पाहुणे. रुपराव म्हणून म्हातारे, आणि त्यांचा मुलगा धर्मेंद्र. कन्हानच्या काठी संत्र्याची बाग, घरी धर्मेंद्रच्या दोन पोरी. त्यांचा आधीचा कुत्रा म्हातारा होऊन गेला तर पोरी जेवेनात म्हणे. मी आपली खोट शोधाले बसली. म्हटलं, बागेत साखळीनं बांधून ठेवाल. तर नाही, आमच्याकडं कुत्रा घरात झोपते. म्हटलं, शिकारीले न्याल. रुपरावनं कान धरले. म्हटलं, त्याले कांदा चालत नाही, त्याचे पोहे मी वेगळे काढले. तर धर्मेंद्र म्हणे, द्राक्षंही चालत नाहीत, मावशी. मले द्राक्षांचं माहीतच नव्हतं. मग तो धोट्याले पळवाले घेऊन गेला. परत आले तर दोघांच्याही तोंडाले फेस. आपला धोटा पाणी प्याला आणि भर दुपारी, पाहुण्यांच्या पायाशी, गाढ झोपला. कांडी नाही मागितली त्यानं.

निघताना रुपरावनं पिशवीतून पेढ्याचा पुडा काढला, नारळ काढला. जुनं माणूस, रिकाम्या हातानं कसं येणार. यमुताईकडून कुंकू मागून घेतलं, झोपल्या धोट्याच्या कपाळाले बोट टेकवलं आणि नारळ माझ्यापुढं धरला. आणि माझा पदर, मयुरी, आपोआप पुढं झाला. तुझ्या दोन्ही आत्यांच्या साक्षगंधाले असाच झाला होता, हाताले सवय. नारळ पदरात पडला आणि यमुताईची बशी हातातच राहिली. आपल्यात पदरात नारळ घेतला की सोयरीक पक्की, मग मागं फिरत नाहीत. रुपरावही त्याच वळणाचे. त्याईनं हात जोडले. "आता हा आमचा झाला, बाई. तुम्ही चिंता नका करू." मस्करी करून नव्हते राहिले ते.

ते गेल्यावर यमुताई म्हणे, धोटा घरजावई होऊन चालला. हसली आणि बशा विसळाले गेली. तिथून म्हणे, नात नाही म्हणते असं सांगून द्या, कुत्रा तर तिचा आहे. तुझा बाबा फोनवर म्हणे, शाब्बास आई, सुटली तू. कशातून सुटली ते मी नाही विचारलं.

हे सारं फोनवर सांगितलं असतं, पण तू मीटिंगमध्ये असतेस, आजी लवकर बोल म्हणतेस, आणि हे लवकर बोलाचं नाही. तुझं नाव पुढं करून नारळ परत करता येते, मी जाणते. पण तू नाही नको म्हणू. पदर पुढं झाला नसता तर मी याही माणसांत खोट काढली असती, आणि तो माझ्यापायी त्या अंगणातच फिरत राहिला असता. त्याले जाऊ दे. फक्त तू ये. गाडीत तो माझ्या हातानं बसेल, तेवढं ऐकते माझं. पण गाडी गेल्यावर फाटक लावून एकटीनं घरात यायचं, ते मले होणार नाही वं. तू संग पाहिजे. चार दिवस नाही जमलं तर एक दिवस ये, पण त्या दिवशी ये. संक्रांतीनंतरच्या रविवारी, सकाळीच येतो म्हणून गेले ते.

तुझीच,
वाट पाहणारी आजी