पट्टी सुकेपर्यंत

३ मार्च, सोमवार. सकाळी ६.४०

ताई एकदा मला म्हणाली होती, "तू पळून जात नाहीस गं, तू फक्त उशिरा येतेस." मी अकरा वर्षांची होते. ती शिडीवरून पडली, मला शेजाऱ्यांना बोलवायला पाठवलं आणि मी आधी चपला शोधत बसले. तेहेतीस वर्षं झाली. तिचं हाड जुळलं, वाक्य तसंच आहे.

या वेळी वेळेवर.

वजन ८९.४. हवं ८०. मुदत ३० एप्रिल. त्या दिवशी हॉस्पिटलात वजन होणार. ऐंशीच्या आत असेन तर माझी एक किडनी ताईला. रक्तगट जुळतो, बाकीचंही सगळं जुळतं, घोडं अडलंय ते माझ्या पोटावर. भाऊजींना शुगर, ते बाद. भाचीची जुळते, पण ताईने निक्षून सांगितलंय की डायलिसिसच्या मशीनवर मेले तरी बेहत्तर, पोटच्या पोरीची घेणार नाही. राहिले मी.

आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या, सगळं खा पण निम्मं खा, रोज तासभर चाला आणि मोबाइलवर बघून प्रयोग करू नका. मी मान डोलावली. येताना मेडिकलमधून पट्ट्यांची डबी घेतली. पीठ, साखर, बटाटा बंद केला की शरीर चरबी जाळतं आणि त्याची खूण लघवीत उतरते. पट्टीचं टोक बुडवायचं. बदामी म्हणजे काही नाही, गुलाबी म्हणजे सुरुवात, जांभळं म्हणजे जिंकलो. चालण्यापेक्षा हे बरं. रंगातलं मला कळतं. एकोणीस वर्षं रंगाच्या दुकानात शेड जुळवतेय.

५ मार्च

बदामी.

६ मार्च. सकाळी ७.१०

डबीवर लिहिलंय, पंधरा सेकंदांनी बघा, त्यानंतरचा रंग धरू नका. हे लिहिणाऱ्याने आयुष्यात एक भिंत रंगवलेली नाही. ओला रंग कधी खरा नसतो. सुकू द्यायचा, मग बघायचा. पट्टी बेसिनच्या कडेला ठेवली, कॉफी केली, प्यायले, परत आले. गुलाबी!

पट्टी इथे वहीत चिकटवते. तारखेसकट. आता रोज.

९ मार्च, रविवार

८८.१. सहा दिवसांत एक किलो तीनशे. या हिशेबाने एप्रिलच्या मध्यातच ऐंशी. ताईला फोन करून सांगितलं. ती बरं म्हणाली. हल्ली ती बरं एवढंच म्हणते. आठवड्यातून तीन दिवस चार-चार तास सुई टोचून घेऊन पडायचं म्हटल्यावर शब्द वाया कोण घालवणार.

१४ मार्च

पट्टी सुकवून दुकानात नेली. शेड ओळखायचं मशीन आहे, त्याच्याखाली धरली. माझा डोळा बरोबर निघाला, शेड कार्डावरच्या जांभळ्याच्या अलीकडची. मालक म्हणाले, हा तुकडा कुणाचा? मी म्हटलं, एका बाथरूमचा. खोटं काय त्यात?

तेवढ्यात काउंटरवरच्या एका रिटायर्ड मास्तरीणबाईंना तो रंग आवडला. बेडरूमला हाच हवा म्हणाल्या, किती शांत आहे. चार लिटर घेतला. जपून ठेवते म्हणून पट्टीही घेऊन गेल्या. मी नको कशी म्हणणार?

क्रीमच्या बिस्किटांतलं फक्त क्रीम खाल्लं. क्रीम म्हणजे फॅट. फॅट चालतं.

२० मार्च, गुरुवार

हॉस्पिटल. कोऑर्डिनेटर बाईंनी चित्र काढून समजावलं. पोटावर चार बोटांची खूण राहील, शिवाय तीन बारीक छिद्रं. उरलेली एक किडनी दोन्हींचं काम करते म्हणे. काही विचारायचंय का म्हणाल्या. मी पार्किंगबद्दल विचारलं.

घरी येऊन ब्रेड खाल्ला. पूर्ण लादी. फॉर्म भरून माणूस थकतो. लोणी भरपूर लावलं होतं, म्हणजे ब्रेडचं प्रमाण आपोआप कमीच झालं.

२१ मार्च

पट्टी नाही केली. कालचा दिवस अपवाद होता, त्याची नोंद कशाला?

२७ मार्च

८८.९. काट्यात दोष आहे. बाथरूमबाहेरची फरशी उतरती आहे. हॉलमध्ये ८८.६. गॅलरीत एक पाय कठड्याला टेकवून ८७.८. यापुढे गॅलरीच.

नवरा पेपरातून मान वर न करता म्हणाला, नाचता येईना अंगण वाकडं. वर म्हणाला, काटा घेऊन घरभर फिरतेस तेवढी रस्त्यावर फिर. काळ्या पँटवर तपकिरी मोजे घालणाऱ्या माणसाशी मी शेडबद्दल बोलत नाही.

पट्टी आज चाळीस मिनिटं सुकवली. गडद गुलाबी.

५ एप्रिल, शनिवार

ताईच्या शेजारी बसले. चारपैकी दोन तास. डायलिसिसच्या त्या खोलीत सगळ्यांचे चेहरे एकाच शेडचे, ओल्या पुट्टीचे.

मला दिवसाला तीन लिटर पाणी प्यायचंय. तिला पाऊण लिटरची परवानगी. बर्फाचा एक खडा अर्धा तास गालात धरते, लहानपणी गोळी पुरवायची तशी. मी तिच्यासमोर बाटली काढली नाही. म्हणजे काढली, दोन घोट घेतले, मग तिची नजर दिसली आणि आत ठेवली.

वही उघडून पट्ट्या दाखवल्या. तिने विचारलं, वजन किती? मी म्हटलं, बघ ना रंग कसा चढत गेलाय. ती म्हणाली, बाई, मी वजन विचारलं. मी म्हटलं, शहाऐंशीच्या आसपास. आसपासमध्ये तीन किलो आरामात बसतात.

बरं, म्हणाली. आणि डोळे मिटले.

उद्यापासून कडक. चालणंसुद्धा.

६ एप्रिल

नवे बूट चावतात. चालणं सोमवारपासून.

१२ एप्रिल, शनिवार

जांभळी! खरीखुरी जांभळी. दुकानातल्या गर्दीत काल दिवसभर पाणी प्यायला फुरसत झाली नव्हती, तरीसुद्धा.

दुपारी भाची आली, केक घेऊन. नोकरीत कायम झाली. म्हणाली, मावशी, खरं सांग, तीस तारखेपर्यंत होईल का? मी पट्टी पुढे केली. तिने डबी उचलून वाचली आणि म्हणाली, अगं पंधरा सेकंद लिहिलंय, तू सकाळची पट्टी दुपारी काय दाखवतेस! मी म्हटलं, तुम्हा पोरांना सगळ्याचीच घाई.

केकचे दोन तुकडे. इतकी जांभळी पट्टी असताना शरीराला ते कळतही नाहीत.

बशा तिनेच धुतल्या. जाताना दारात थांबली. तुला भीती वाटते का गं, म्हणाली, वाटत असेल तर मला सांग, मी आईला नाही बोलणार. मी हसले. म्हटलं, वेडी का तू, भीती कसली?

तिने फार पटकन मान हलवली.

तिसरा तुकडा ती गेल्यावर. उरला तर वाया जाईल म्हणून.

२४ एप्रिल

मास्तरीणबाई दुकानात आल्या, तावातावाने. म्हणाल्या, भिंत बघा आणि तुमची शेड बघा, कशाला काही मेळ आहे का? पर्समधून पट्टी काढून काउंटरवर आपटली. तपकिरी पडली होती. गंजलेल्या खिळ्यासारखी. मी सांगत होते की भिंत बरोबर आहे, हा तुकडा खराब झालाय. त्या म्हणाल्या, जे टिकतच नाही त्यावरून तुम्ही रंग बनवता?

घरी आल्यावर वही चाळली. सगळ्या तपकिरी. ६ मार्च, २७ मार्च, १२ एप्रिल. तारखा झाकल्या तर कुठली कधीची ते मलासुद्धा सांगता येणार नाही.

टेपमुळे झालं असेल.

३० एप्रिल, बुधवार

८८.७.

बूट काढले, घड्याळ काढलं, ओढणी काढली. ८८.५. गॅलरी नव्हती.

कोऑर्डिनेटर बाई म्हणाल्या, असू द्या हो, आता आवश्यकता नाही. मुलीच्या सगळ्या तपासण्या दहा तारखेलाच झाल्या की. घरून नाही का सांगितलं कुणी?

दहा तारखेला. केक बाराला. म्हणजे ती वजन विचारायला आली नव्हतीच. आईने शेवटी हो म्हटलं होतं, पोटच्या पोरीला हो म्हटलं होतं, आणि पोरगी माझ्या दारात उभी राहून मला सोडवायला बघत होती.

लिफ्टमध्ये सुटल्यासारखं वाटलं. तळमजला येईपर्यंत. हे लिहायचं नव्हतं.

२ मे, शुक्रवार. सकाळी ६.४०

डबीत एक पट्टी उरली होती. बुडवली. बेसिनपाशी उभी राहून मोजलं, एक ते पंधरा. ओली असतानाच बघितली.

बदामी. पहिल्या दिवशीची.

ताईला फोन केला होता काल. मी बोलत होते, काट्याबद्दल, फरशीबद्दल. ती म्हणाली, अगं पुरे, तुझ्याच्याने होणार नाही हे मला मार्चमध्येच कळलं होतं, मी वाट बघत होते ती तू सांगशील म्हणून. चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं.

सोळा तारखेला ऑपरेशन. आता तिला मेसेज पाठवतेय. काय उत्तर येणार ते ठाऊक आहे. 'नको' एवढंच येईल. 'बरं' नाही येणार. तरी लिहिलंय:

ताई, सोळाला तुझ्याजवळ भाऊजी असतील. पोरीजवळ कुणी नाही. सातला आत नेणार आहेत ना, मी पाचलाच येऊन बसते, चपला शोधणार नाही. ती शुद्धीवर येईल तेव्हा तिच्याजवळ मी असू का?