आकडा साठवर येतो

४ ऑगस्ट, सोमवार

आजपण आला! दुपारी पाऊणला आकडा एकदम साठवर. घरी फोन केला तर हे म्हणतात, "मशीन चालूच हाय की. तुझ्या मोबाईललाच येड लागलंय."

यांच्या ऑक्सिजनच्या मशीनला साडेतीनशे वॅट लागतात. वर पंखा. म्हणजे चारशेच्या आसपास आकडा दिसला की हे ठीक. साठ म्हणजे नुसता पंखा.

मेन बोर्डातल्या वायरीला वीज मोजायचा चिमटा लावून दिलाय धम्मानंदभावजींनी. यांचे धाकटे भाऊ, लातुरात वायरिंगची कामं करतात. मी औशाच्या शाळेत, मोबाईलवर घरातली वीज बघत बसते. दर तासाला फोन करण्यापेक्षा बरं म्हणून बसवलं. आता जास्तच फोन होतात.

५ ऑगस्ट

पुन्हा. साठ. चाळीस मिनिटं.

फोनवर सासूबाई होत्या. "मला काय इचारतीस माय, मी झोपले होते."

७ ऑगस्ट, गुरुवार

भावजी सकाळी आले. बोर्ड उघडला. "वैनी, चिमटा नीट मिटलाच न्हाई. फटीत कचरा हाय. म्हणून चुकीचं दाखवून राहिलाय." पुसून टक्कन बंद केला. आकडा चारशे दहा.

हे पलंगावरून बघत होते. नाकात नळी. 

निमोनियाला फेब्रुवारीत ॲडमिट केलं तेव्हा वाटलं होतं, पंधरा दिवसांत गॅरेजला जातील. ट्रॅक्टरखाली झोपून काम करणारा माणूस. सहा महिने झाले, पलंग ते मोरी, तेवढीच नळीची लांबी. तीन महिन्यांनी दाखवायला या म्हणाले होते डॉक्टर. आम्ही गेलोच नाही. कसं न्यायचं, सिलिंडर कुणी धरायचं. ह्यांनीच नको म्हटलं. मी पण जोर केला नाही.

८ ऑगस्ट

साठ.

१० ऑगस्ट, रविवार

मी दिवसभर घरी. आकडा हलला नाही. मशीनचा घरघर आवाज सकाळपासून संध्याकाळपर्यंत. स्वयंपाक केला. कपडे धुतले. यांची पाठ पुसली. ह्यांनी विचारलं, "थकलीस का?" न्हाई म्हटलं. खरंच थकवा वगैरे काही वाटत नाही. काहीच वाटत नाही.

१२ ऑगस्ट, मंगळवार

हे कुठेतरी लिहायला पाहिजे म्हणून लिहिते. कुणाला सांगण्यासारखं नाही.

मधल्या सुट्टीत खिचडी वाढून झाली, मी ताट घेऊन वर्गात बसले, मोबाईल उघडला. साठ. फोन लावला. उचलला नाही. परत तीनदा लावला. नाही. सासूबाईंचा बंद.

मला वाटलं, गेले.

आणि हलकं वाटलं. छातीवरचा दगड कुणी उचलून बाजूला ठेवावा तसं. रडू नाही, धावपळ नाही. मी ताटातली खिचडी संपवली. ताट विसळलं.

मग ह्यांचाच फोन आला. "काय गं, चार चार फोन?" आवाजाला धाप होती, पण नेहमीचीच. मी म्हटलं, काही नाही, आकडा चुकला परत.

संध्याकाळी बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. वाटेतलं बुधोडं येईपर्यंत हाताकडे बघत होते. ह्याच हातानं ताट विसळलं.

१३ ऑगस्ट

हा चिमटा दुरुस्त झालाच पाहिजे. भावजींना सांगितलं, काय वाट्टेल ते करा.

१५ ऑगस्ट

झेंडावंदन. सुट्टी असल्यानं भावजी दुपारी आले. त्यांनी कारण शोधलं! दुपारी वरचेवर लाईट कमी होते, व्होल्टेज पडतं. व्होल्टेज पडलं की मशीन इन्व्हर्टरवर चालतं, आणि मेन वायरीवर नुसता पंखा राहतो. मग चिमट्याला मशीन दिसणार कसं? "मशीन चालूच राहतं वैनी, आकडा तेवढा पडतो. तुम्ही उगंच घाबरून राहिल्या." चिमटा मेनवरून काढून ह्यांच्या खोलीच्या वायरीला लावला, इन्व्हर्टरच्या पुढं. आता लाईट कमी असो जास्त असो, मशीनचं बरोबर दिसणार.

पटलं मला. बरं वाटायला पाहिजे होतं.

१८ ऑगस्ट, सोमवार

बारा पन्नासला साठ. शेजारच्या उमाबाईंना फोन करून विचारलं, लाईट नीट आहे का? "हाय की. टीव्ही बघून राहिले मी."

१९ ऑगस्ट

शाळेत जायच्या आधी भावजींना बोलावलं. ते इस्त्री घेऊन आले. हजार वॅटची. ह्यांच्या खोलीत लावली, मोबाईलवर बघितलं, तेवढंच वाढलं. बंद केली, तेवढंच उतरलं. तीनदा केलं.

भावजी स्क्रू आवळत म्हणाले, "वैनी, ह्यात कायबी चूक न्हाई." मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "दादाला इचारा."

हे भिंतीकडे तोंड करून झोपले होते. झोपले नव्हते.

मी विचारलं नाही. बस चुकली असती.

२१ ऑगस्ट, गुरुवार

अर्धी रजा टाकली. घरी कळवलं नाही.

दार नुसतं लोटलेलं. आत शिरले आणि पाय थांबले. आवाज नव्हता. मशीन गप्प. नळी उशीवर. पलंग रिकामा.

मागच्या दाराच्या पायरीवर हे बसले होते. उन्हात. बनियनवर. शेजारी सासूबाई, मधे मुगाच्या शेंगांचं सूप. यांच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा, आणि सासूबाई त्याच्यात डोळे घालून वाचत होत्या. "ब्याण्णव. ब्याण्णव. एक्याण्णव. दम खा रे. ब्याण्णव." अंक वाचता येतात त्यांना, हे मला माहीत नव्हतं.

ह्यांनी मान वर केली. "आलीस का."

"किती दिवस चाललंय?"

"तीन आठवडे झाले आसतील."

"मला का सांगितलं नाही?"

"तू लगीच नळी लावली आसतीस."

लावली असती. खरं आहे.

सासूबाई म्हणाल्या, "मीच खोटं बोलले माय. त्याला काय बोलू नको. पहिल्यांदा धाच मिनटं बसला. आता पाऊण तास बसतो."

ओरडावं असं वाटलं नाही. मिठी मारावी असंही नाही. पर्स ठेवली, खाली बसले आणि शेंगा सोलायला घेतल्या. तिघं सोलत होतो. यांच्या तोंडावर ऊन होतं. किती पांढरे पडलेत, ते घरातल्या ट्यूबलाईटमध्ये कळलंच नव्हतं.

२५ ऑगस्ट, सोमवार

दवाखाना. भावजींनी कारमधून नेलं, सिलिंडर माझ्या मांडीवर. डॉक्टरांनी व्हरांड्यात सहा मिनिटं चालवलं. हे मधे दोनदा थांबले. पण चालले! छातीचा फोटो काढला. मग डॉक्टर आधी रागावले. न विचारता बंद करणं, मोजायला म्हातारी बसवणं, काही झालं असतं म्हणजे? आणि मग म्हणाले, "फुप्फुस भरून येतंय. दिवसा बसल्याजागी गरज नाही. चालताना आणि झोपताना लावा. मे महिन्यातच का आणलं नाही?"

मी फाईल पिशवीत घातली.

घरी भावजींनी पेढे आणले. उमाबाई येऊन गेल्या. सासूबाई बुद्धाच्या फोटोपुढं मेणबत्ती लावून कितीतरी वेळ बसल्या. सगळे माझ्याकडे बघून हसत होते, मीही हसले. तोंडात पेढा होता. गोड लागला एवढं कळलं.

२६ ऑगस्ट, मंगळवार

सकाळी पायरीवर आम्ही दोघंच होतो. सांगून टाकलं यांना. खिचडी, फोन, हलकं वाटलं ते. शब्द न शब्द. वाटलं, उठून आत जातील.

गेले नाहीत.  मग म्हणाले, "विशाखा, पहिल्या दिशी माय झोपली होती. त्या दिशी मी बाहेर बसायला म्हणून बटन बंद केलं नव्हतं."

माझा हात धरला.

"तुला मोकळं करायला केलतं. डोळे मिटून पडलो. अन् पडलोच की. श्वास चालूच."