दारावरची निळी पट्टी

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
अपेक्षाची गाडी आली! पोरीनं स्वतःच्या पगारावर घेतली. बायकोनं, संध्यानं, हार घातला, नारळ फोडला. मी गल्लीतल्या लोकांची तोंडं बघत उभा! आत दारांच्या कडेनं आणि डॅशबोर्डखाली उजेडाची निळी पट्टी आहे. स्क्रीनवर बोट फिरवलं की कमी-जास्त होते. बावीस वर्षं कामगारांची बस वाळूजच्या कारखान्यात नेतोय, पण बसमध्ये असले लाड कुठले? तशी फिकीच वाटली मला पट्टी.

१६ नोव्हेंबर, रविवार
संध्याकाळी तिघं दौलताबादपर्यंत जाऊन आलो. गाडी मी चालवली. पट्टी तीनवर होती, मी दहावर नेली. लगेच संध्याची कुरकुर – डोळे दिपतात, समोरच्या काचेत सगळं निळंच दिसतंय. हिला सगळ्याचाच त्रास. अपेक्षानं परत तीनवर आणली, तर मला वाटलं पट्टी गेलीच. नवी गाडी आणि तिसऱ्या दिवशी खराबी! शोरूमवाल्याला सोडणार नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार
ड्युटी संपवून शोरूमला गेलो. मेकॅनिकनं गाडी आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात घेतली, पट्टी लावली. 'काका, फुल हाय,' म्हणाला. मी म्हटलं, याला फुल म्हणतात होय? त्यानं पट्टीकडे पाहिलं, मग बराच वेळ माझ्याकडे. शिव्या तोंडात आल्या होत्या, गिळल्या. येताना गाडी अगदी हळू आणली. का, ते लिहीत नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार
ड्रायव्हर लोकांची डोळे तपासणी झाली. पास!
दवाखाना दरवर्षी तोच, भिंतीवरचा अक्षरांचा तक्ताही तोच. जो आधी आत जातो तो बाहेर येऊन चहाच्या टपरीवर अक्षरं म्हणून दाखवतो, बाकीचे पाठ करतात. यंदा सोमनाथचा पहिला नंबर होता. 'न, र, व, ग, त, म. उलटं इचारलं तर मागून म्हण, लई इचार करू नको.' सगळे हसलो. आमच्यात ही थट्टाच आहे.
पूर्वी मला फक्त शेवटची ओळ पाठ करावी लागायची. यंदा दुसरीपासून सगळ्या पाठ करून गेलो होतो. हे सोमनाथलाही सांगितलेलं नाही.
आठ महिने राहिलेत निवृत्तीला. आठच.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
पहाटे नगर नाक्याच्या पुढे मागून भामाबाई ओरडल्या, 'मामा, माणूस!' कँटीनमध्ये काम करतात त्या, रोज माझ्याच बसनं येतात. कचकन ब्रेक मारला. सायकलवाला दोन हातांवर होता. मी म्हटलं, सायकलला लाईट नाही, कुणाला दिसणार? मग भामाबाई म्हणाल्या, 'पांढरं धोतर व्हतं मामा. लांबून दिसत व्हतं.'
भीती वाटते. लिहून टाकलं एकदाचं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
आज पूर्ण रस्ता चाळीसच्या आत. कंपनीत पोचायला उशीर झाला. धुकं होतं, असं सांगितलं. धुकं नव्हतं.

३० नोव्हेंबर, रविवार
दिवेलागणीला अपेक्षा म्हणाली, पप्पा, गाडीत बसा जरा, पट्टी तुमच्या डोळ्यांना बरी वाटेल अशी लावून देते. गाडी गल्लीतच उभी होती. ती स्क्रीनवर बोट फिरवायची आणि विचारायची, आता? मी म्हणायचो, अजून वाढव. दोन-तीनदा झालं. मग म्हटलं, हां, आता बरं दिसतंय. आणि मला खरंच बरं वाटलं होतं!
'पप्पा, पट्टी बंद हाय. तुम्ही बसायच्या आधीच बंद केली व्हती मी.'
मी ओरडलो. बापाची परीक्षा घेतेस? काय काय बोललो, आठवत नाही. ती ऐकत राहिली. मग हळूच विचारलं, 'बसमध्ये किती जण असतात?'
बेचाळीस, म्हटलं.
बाहेर शेजाऱ्यांची पोरं खेळत होती, ती त्यांच्याकडे बघत राहिली. मी हात जोडले. स्वतःच्या पोरीपुढे! आठ महिने कुणाला सांगू नकोस, आईलाही नको, कंपनीत तर नाहीच. तिनं शब्द दिला. अपेक्षा शब्द मोडत नाही, लहानपणापासून तशीच आहे. तरी जेवताना तिच्याकडे बघवेना.

१ डिसेंबर, सोमवार
पहाटे क्रांती चौकात शेवटचे कामगार चढले, त्यांच्या मागून अपेक्षा. पहिल्या सीटवर बसली. 'कुणाला सांगितलं नाय मी,' म्हणाली. 'चला, पप्पा.' गिअर टाकला, पण क्लचवरचा पाय उचलवेना. बेचाळीस जणांना घेऊन एवढे दिवस निघालो, एकदाही अडला नव्हता. चावी काढली, खाली उतरलो.