सिहारची दोरी

बाबा, तुमच्या सिहारच्या धानबांधीतली, त्या हलक्या जमिनीतली माती आज तपासून झाली. सेंद्रिय कर्ब कमी निघाला, म्हणजे तिला खत हवं, तुम्ही म्हणत होतात तेच. खरं काय ते तुम्ही होतात तेव्हाच सांगायला हवं होतं, पण माझी जीभ रेटली नाही.

नव्याण्णवचा मे महिना. गोंदियाच्या माती प्रयोगशाळेत लागून मला दोनच महिने झाले होते आणि अंगात शहाणपण मावत नव्हतं. सुटीत सालेकशाकडच्या आपल्या घरी आले ती नमुन्याच्या पिशव्या आणि लेबलं घेऊनच. "कायले उकरून राहिली वं उन्हात?" तुम्ही धुऱ्यावरून विचारता. माती तपासायची म्हटल्यावर तुम्ही एक ढेकूळ फोडता, गडव्यातलं पाणी टाकून तळहातावर वळता. दोरी बोटभर होते आणि तुटते. "काळी कन्हार असती त वळली असती. हे सिहार हाय, खत मागते. मातीले का पुसतेस, मले पूस." मी हसले. बाबा, चक्क हसले.

तुम्ही घरी गेल्यावर मी कुदळ घेतली. नियमाने आठ जागी वीतभर खड्डे करून माती मिसळायची असते. पण मे महिन्यात सिहार कशी होते ते तुम्हाला काय सांगू. दुसऱ्या खड्ड्यातच हाताला फोड आले. मग मी घराजवळच्या पऱ्ह्याच्या बांधीत गेले. तिथे धानाची रोपं तयार करायची म्हणून तुम्ही दरवर्षी शेणखत ओतायचात, माती नुसत्या हाताने निघत होती. पिशवी भरली आणि लेबलावर लिहिलं, सिहारची बांधी.

अहवालात कर्ब भरपूर आला. तो कागद वाचून तुम्ही त्या वर्षी सिहारला जाणाऱ्या खताच्या बैलबंड्या दुसरीकडे वळवल्या. धान विरळ आलं. दिवाळीला मी घरी होते, तेव्हा शेजारचे काका टोमणा मारायला आले. तुम्ही म्हणालात, "कागद बरोबर हाय. माह्या पोरीनं तपासला. बियानाच खराब निंगला." मी आत भाजी चिरत होते. बाहेर यायला चार पावलं होती. आले नाही.

त्यानंतर तुम्ही माती वळलीच नाही. कोणी काही विचारलं की "पोरीले पुसा" म्हणायचात. आता मी गोंदियाजवळ फुलचूरला राहते, नव्या लोकांना नमुना घ्यायला शिकवते. मृद सर्वेक्षणातही माती ओली करून, हाताने वळूनच पोत ओळखतात, हे मला तुम्ही गेल्यावर प्रशिक्षणात कळलं. तक्त्यात 'स्थानिक नाव' असा एक रकाना असतो. तिथे मी तुमचेच शब्द लिहिते आणि लोक मला जाणकार समजतात.

या उन्हाळ्यात आठही खड्डे मीच खणले. नवा अहवाल जुन्याला टाचून ठेवलाय, हे पत्रही त्याच फायलीत राहील. एक मात्र कबूल करते. तुम्ही माती वळणं सोडलंत तेव्हा मला वाईट वाटलं नव्हतं. मला वाटलं होतं, बाबा सुधारले.